चौथा कोपरा

तीन कोपरे मिटले होते. चौथ्यात मात्र आतल्या बाजूला तीन नाणी एकावर एक ठेवून सरकवता येतील एवढी फट होती. पुण्यातल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत ती ही चौकट जोडायला बसली होती. वय पन्नाशीचं, नोकरी बँकेत आणि सुतारकाम रविवारचं. आजोळहून आलेलं रविवर्म्याच्या लक्ष्मीचं छापील चित्र तिला पुन्हा भिंतीवर लावायचं होतं. जुनी चौकट वाळवीने खाल्लेली. टिंबर मार्केटमधून दोन इंच रुंद सागवानी पट्टी आणली, प्लास्टिकच्या खाचांच्या पेटीत ती धरून हातकरवतीने आठ काप घेतले आणि फेविकॉल लावण्याआधी चारही तुकडे फरशीवर मांडून पाहिले. तेव्हा ही फट दिसली.

अशा वेळी शेवटच्या तुकड्यावर राग निघतो. तो पुन्हा कापला जातो, मग समोरचा आखूड ठरतो, मग तोही कापला जातो आणि चौकट चित्रापेक्षा लहान होते. दोष त्या तुकड्याचा नसतोच. चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्याला दोन काप, म्हणजे आठ काप. एकेक काप ४५ अंशांऐवजी साडेचव्वेचाळीसचा पडला तर अर्धा अंश डोळ्याला दिसतही नाही. पण आठ वेळा साठून तो चार अंशांचा होतो, आणि तीन कोपरे दाबून मिटवले की चारही अंश चौथ्यात येऊन बसतात. दोन इंची पट्टीचा तिरका सांधा साधारण ७२ मिलिमीटर लांब असतो. त्यावर चार अंश म्हणजे पाच मिलिमीटर. तीन नाण्यांचा हिशोब हा असा.

घरच्या कामासाठी मायटर सॉ, म्हणजे ठरवलेल्या कोनात काप घेणारी विजेची करवत, घ्यायची ती या अर्ध्या अंशासाठी. वेळ वाचतो, हात दुखत नाही, हे सगळं नंतरचं. वर्षाला दोन चौकटी करणाऱ्याने यंत्राच्या वाटेला जाऊ नये, असंच सांगायला हवं: लाकडी खाचपेटी, बारीक दात्यांची करवत आणि कापलेला तिरका काठ रंध्याने सरळ करायला ४५ अंशांची पट्टी ठोकलेली एक फळी, एवढ्यावर उत्तम सांधा बसतो. जुने सुतार तसंच करत. पण देव्हारा, खिडकीच्या पट्ट्या, पुस्तकांचं फडताळ, नातेवाइकांच्या फोटोंच्या चौकटी अशी कामं हातात येऊ लागली की तोच कोन शंभर वेळा तसाच हवा असतो. हात तो देत नाही असं नाही, पण त्यासाठी वर्षानुवर्षांचा रियाज लागतो आणि रविवारी तेवढा मिळत नाही.

रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि देवदेवतांची चित्रं साध्या घरांच्या भिंतींवर पोचली. प्रत्येक चित्राला चार पट्ट्या आणि आठ तिरके काप लागत असणार. तसबिरी मढवणाऱ्या मोठ्या दुकानांत यासाठी पायाने दाबायचं यंत्र असतं. त्यात दोन सुरे काटकोनात बसवलेले असतात आणि दोन्ही बाजूंचे ४५ एकदम पडतात. आपल्या वाड्यांच्या दारांच्या चौकटी मात्र अशा तिरक्या सांध्यावर उभ्या नाहीत. तिथे लाकडात लाकूड घुसवून सांधा करतात, कारण भार पेलायचा असतो. तिरक्या सांध्यात लाकडाची कापलेली टोकं एकमेकांना भिडतात आणि टोकाकडून लाकूड गोंद पिऊन टाकतं. म्हणून आधी पातळ हात द्यायचा, तो जिरू द्यायचा, मग दुसरा. फेविकॉल १९५९ साली आला. त्याआधी सुतार सरस उकळून वापरत, तरी टोकांचं हे पिणं तसंच होतं.

आणि सांधा जेवढा घट्ट भिडेल तेवढाच गोंद धरतो. पुन्हा गाडी कोनावरच येते.

ती यंत्र घ्यायला बोहरी आळीत गेली, तेव्हा दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो स्लायडिंग खिडक्यांचा. “ताई, सेक्शन कापायचेत का?” आपल्याकडे मायटर सॉ सर्वांत जास्त दिसतो तो अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्यांकडे. इमारतीच्या जिन्याखाली, पोत्यावर ठेवलेलं, चंदेरी भुशाने माखलेलं ते यंत्र प्रत्येकाने पाहिलेलं असतं, त्याची कर्कश शिट्टी ऐकलेली असते. अमेरिकेत रॉकवेल कंपनीने १९६४ साली विजेवरचा पहिला मायटर सॉ काढला तो लाकूडकामासाठी. आपल्याकडे घराघरांत सुतार प्लायवूड उघड्या गोल करवतीने कापत राहिला आणि हे यंत्र खिडकीवाल्याच्या हाती गेलं. त्यामुळे बाजारात ते ‘अॅल्युमिनियम कटर’ म्हणून मिळतं आणि लाकडासाठी घेणाऱ्याला दोन गोष्टी स्वतःहून विचाराव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे हे तेच यंत्र आहे ना. “फोटोफ्रेमसाठी,” म्हटल्यावर दुकानदाराने तिला स्वस्तातलं एक मोठं यंत्र दाखवलं. चौदा इंची, लोखंडी बैठकीचं, खाली दाबायचा दांडा तसाच. ते कटऑफ मशीन. त्यात दाते नसलेली घासणारी चकती बसते, ते लोखंडी पाइप आणि अँगल कापायला असतं. त्याचा कोन अंदाजाने लावायचा असतो, कारण वेल्डिंग करणाऱ्याला एका अंशाने फरक पडत नाही. लाकडाची चौकट त्याच्यावर होत नाही आणि त्याला लाकडाचं दातेरी पातं लावण्याचा विचार तर मनातसुद्धा आणू नये; त्याचं आवरण, वेग, पकड काहीच त्यासाठी नसतं. दिसायला भावंडं असली तरी ही दोन वेगळी यंत्रं आहेत, आणि कमी किमतीच्या मोहात पहिली चूक इथेच होते.

दुसरी गोष्ट पात्याची. ती पुढे येईलच.

दुकानात पाती धार लावून न्यायला आलेले एक मिस्त्री बाकावर बसले होते. साठी उलटलेली, कानामागे पेन्सिल. तिने दहा इंची यंत्राची मोटर किती वॉटची असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, “ताई, वॉट राहू द्या. आधी त्याचं डोकं हलवून बघा.”

त्यांनी यंत्राची मूठ धरली, पातं अर्ध्यावर आणलं आणि मूठ डावीकडे-उजवीकडे ढकलली. खाली पात्याचं टोक चांगलं दिसण्याइतकं हललं. शेजारच्या यंत्राला तेच केलं, तिथे जवळजवळ हललं नाही. मूठ वर-खाली होते त्या सांध्यात ढिलाई असेल तर कोन कितीही अचूक लावा, पातं लाकडात शिरताना बाजूला सरकतं आणि गाठ लागली की आणखी सरकतं. मग त्यांनी फिरतं तबक ४५ वर नेलं, खाचेत पाडलं, पुन्हा शून्यावर आणलं. असं पाच-सहा वेळा. खाच ‘टक’ करून बसते का, बसल्यावर तबक हाताने हलतं का, हे बोटांना कळतं. मग लाकूड जिला टेकवायचं त्या मागच्या भिंतीवर पोलादी पट्टी उभी धरून तिच्यामागे मोबाइलची बत्ती लावली. भिंत दोन तुकड्यांची असते, मध्ये पात्याला जागा. दोन्ही तुकडे एका रेषेत नसतील तर पट्टीखालून उजेड झिरपतो. शून्यावर पातं गुण्याला, म्हणजे काटकोनाच्या मापाला, लागत नसेल तर ते घरी भिंतीचे बोल्ट सैल करून नीट करता येतं. पण भिंतच वाकडी ओतलेली असेल तर घरी काही करता येत नाही.

“आता कापून दाखवायला सांगा,” मिस्त्रीकाका म्हणाले. दुकानदाराने फारशी खळखळ न करता चार इंची फळीचा तुकडा दिला. शून्यावर काप घेतला. मग एक अर्धा तसाच ठेवून दुसरा उलटा केला, म्हणजे वरची बाजू खाली, आणि दोन्ही भिंतीला टेकवून कापलेली टोकं एकमेकांना भिडवली. उलटल्यामुळे चूक दुप्पट दिसते. अर्ध्या अंशाचा फरक असेल तर चार इंचांवर पावणेदोन मिलिमीटरची फट पडते आणि ती चष्म्याशिवायही दिसते. या फळीवर दिसली. काकांनी भिंत सैल केली, गुण्या पात्याच्या अंगाला लावला, दात्यांना नाही, कारण दाते अंगापेक्षा थोडे बाहेर असतात. भिंत आवळली, पुन्हा कापलं. फट गेली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

स्वस्त यंत्राची खरी परीक्षा हीच. कारखान्यातून ते अचूक येणार नाही हे धरूनच चालावं; अचूक केल्यावर ते तसं राहतं का, एवढंच पाहायचं. ढिला सांधा, वाकडी भिंत आणि न बसणारी खाच, या तीन गोष्टी पैसे देऊनही नंतर सुधारत नाहीत. बाकी सगळं सुधारतं.

म्हणून पैसे कुठे वाचवायचे हेही ठरून जातं. लेझरची लाल रेघ हवी कशाला? ती स्वस्त यंत्रांत स्वतःच सरकलेली असते, आणि पातं खाली आणून दाता पेन्सिलच्या रेघेला लागतो का ते पाहणं अधिक खात्रीचं. मोटर बहुतेक दहा इंची यंत्रांत सारखीच असते. मकिताच्या एलएस १०४० ची १,६५० वॉटची, बॉशच्या जीसीएम १० एमएक्सची १,७०० ची, आणि घरच्या सागवानी पट्टीला त्यातली अर्धीही लागत नाही. रेल्वर पुढे-मागे सरकणारं यंत्र मोहात पाडतं हे खरं. आठ-साडेआठ इंची पात्याचं सरकतं यंत्र फूटभर रुंद फळी कापतं, तर न सरकणारं दहा इंची सरळ कापात जेमतेम पाच इंच आणि ४५ वर साडेतीन इंच. पण त्या रेल् हाही एक सांधाच, आणि कमी किमतीच्या यंत्रात तिथेच ढिलाई शिरते. शिवाय कित्येक यंत्रांत रेल् मागे निघतात, बाल्कनीत भिंतीला लावून ठेवता येत नाहीत. घरी कापायच्या पट्ट्या बहुधा तीन इंचांच्या आतल्याच असतात. रुंद फळी आलीच तर ती हातातल्या गोल करवतीने, पट्टी बांधून कापावी. पंधरा-वीस हजारांची मर्यादा असणाऱ्याने न सरकणारं दहा इंची यंत्र घ्यावं, हे मत ठाम आहे.

तिने तेच घेतलं, आणि उरलेल्या पैशांचं पातं.

यंत्रासोबत मिळालेलं पातं १२० दात्यांचं होतं. अॅल्युमिनियमसाठीच्या पात्याला दाते खूप, त्यांची डोकी चपटी आणि कोपरे छाटलेली, आणि दाते किंचित मागे झुकलेले. पुढे झुकलेला दाता मऊ धातूत घुसून तुकडा खेचतो म्हणून. हेच पातं सागवानात घातलं की भुसा दात्यांमधल्या लहान पोकळीत अडकतो, काप हळू जातो आणि लाकूड करपतं. कापलेल्या टोकावर चहाच्या रंगाचा पट्टा आणि करपलेल्या तेलाचा वास आला की समजावं, पातं चुकलं. लाकडाला ६० दात्यांचं, एकाआड एक दाते डावीकडे-उजवीकडे तासलेलं पातं पुरतं. नुसत्या चौकटीच करायच्या असतील तर ८० चं. फार पुढे झुकलेल्या दात्यांचं पातं मात्र टेबल सॉसाठी असतं, ते इथे लाकडावर चढू पाहतं. पात्याच्या मधलं भोक आणि यंत्राचा दांडा जुळतो का तेही पाहावं. आपल्याकडे २५.४ मिलिमीटरचं चालतं, ३० चंही बाजारात मिळतं. आणि पात्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त हवा. दहा इंची पातं मिनिटाला ५,००० फेऱ्या घेतं तेव्हा त्याचा दाता तासाला २४० किलोमीटरने धावत असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारीला १०० ची मर्यादा आहे.

हा वेग तिला एकदाच, पण पुरता कळला. दोन इंचांचा एक उरलेला तुकडा भिंत आणि पातं यांच्यामध्ये सुटा होता. तिने पातं फिरत असतानाच वर उचललं. तुकडा दात्यात अडकला, खणकन उडाला आणि बाल्कनीच्या टाइलचा टवका काढून गेला. ती थोडी बाजूला उभी होती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून दोन नियम झाले. काप पूर्ण झाला की बटण सोडायचं, पातं थांबेपर्यंत खालीच धरायचं, मग उचलायचं. आणि वीतभर लांबीपेक्षा लहान तुकडा हाताने धरायचा नाही, शिकंज्याने धरायचा. हातमोजे घालायचे नाहीत, ते दात्यात ओढले जातात. ओढणी बांधायची, बाही दुमडायची. सेकंडहँड यंत्र बघायला गेलं तर पात्यावरचं खालचं आवरण तारेने वर बांधून ठेवलेलं किंवा काढूनच टाकलेलं दिसतं, कारण सेक्शन कापणाऱ्याला त्याची अडचण होते. असं यंत्र निम्म्या किमतीत मिळालं तरी आवरण परत बसवता येत नसेल तर घेऊ नये.

फ्लॅटमध्ये यंत्र आणलं की घरालाही त्याची तयारी करावी लागते. १,६५० वॉट म्हणजे सात अँपिअरच्या वर; फोन चार्ज करायचा लहान सॉकेट सहा अँपिअरचा, तो नाही चालत. तिने एसीच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरून जाड तारेचं एक्स्टेंशन ओढलं. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, तेव्हा कानाला बोंडं, आणि शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेच्या वेळी यंत्राला पूर्ण सुट्टी. सकाळी दहा ते बारा एवढाच वेळ, आणि खालच्या आजींना आदल्या दिवशी सांगून. धूळ हा त्याहून मोठा प्रश्न आहे. यंत्राच्या मागची पिशवी जाड भुसा पकडते, बारीक धूळ हवेत राहते. सागाच्या धुळीने अनेकांच्या कातडीला खाज सुटते, नाक चोंदतं. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. एन-९५ मुखपट्टी, मागे ओली चादर टांगलेली, आणि काम संपल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसणं. झाडूने तीच धूळ पुन्हा नाकात जाते.

चौकट तिने ऑगस्टमध्ये पुन्हा कापली. कोन आता बरोबर होता, तरी पहिल्या खेपेला कोपरे पुन्हा नीट मिटले नाहीत, आणि याचं कारण शोधायला तिला संध्याकाळ लागली. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांत दीड मिलिमीटरचा फरक होता. कोन अचूक असून लांबी सारखी नसेल तर चौकट तिरपी होते आणि फट तशीच दिसते. मापपट्टीने मोजून दोन तुकडे सारखे कापता येत नाहीत. पेन्सिलची रेघ अर्ध्या मिलिमीटरची, पात्याचा काप तीन मिलिमीटरचा, कुठल्या बाजूने धरायचं यातच चूक होते. म्हणून भिंतीला एक लाकडी ठोकळा शिकंज्याने आवळला, पट्टी त्याला टेकवून एक तुकडा कापला, मग ठोकळा न हलवता दुसरा. मापायचं काम संपलं. आणखी एक गोष्ट तिने मिस्त्रीकाकांकडून उचलली: एका कोपऱ्यातला एक तुकडा डाव्या ४५ वर कापायचा आणि जोडीचा उजव्या ४५ वर. भिंत चिमूटभर तिरकी राहिली असेल तर एक काप ४४.८ चा पडतो आणि दुसरा ४५.२ चा, दोन्ही मिळून काटकोनच होतो. नक्षीच्या पट्टीला तर हाच मार्ग, कारण ती उलटी करता येत नाही.

तुकडे फरशीवर मांडले. चारही कोपऱ्यांत कागद सरकला नाही. टोकांना गोंदाचा पहिला हात दिला, तो जिरू दिला, दुसरा दिला, दोरी फिरवून आवळली आणि रात्रभर ठेवली.

लक्ष्मी दिवाळीआधी भिंतीवर लागली. एप्रिलमध्ये, पंखे आणि कोरड्या हवेत, तिला खालच्या डाव्या कोपऱ्यात आतल्या टोकाशी केसासारखी रेघ दिसली. यंत्राचा यात काही भाग नाही. लाकूड हवेतली ओल पिऊन रुंदीत फुगतं आणि कोरडं पडलं की आक्रसतं. लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. पट्टी अरुंद झाली, लांबी तीच राहिली, की कापलेल्या टोकाचा कोन ४५ पेक्षा थोडा कमी होतो आणि सांधा आतून उघडतो. कोरड्या दिवसांत जोडलेली चौकट पावसाळ्यात बाहेरच्या टोकाशी उघडेल. साग या बाबतीत बराच शांत, आंब्याचं लाकूड असतं तर रेघेची फट झाली असती. पट्टी दोन इंचांऐवजी एक इंच घेतली असती तर रेघ निम्मी झाली असती. तिने रेघ लाखेने भरली नाही. भरली तर जुलैमध्ये लाकडाला फुगायला जागा राहणार नाही आणि सांधाच तुटेल.

सध्या बाल्कनीत षट्कोनी फडताळाच्या पट्ट्या पडल्या आहेत, भाचीच्या खोलीसाठी. सहा कोपरे, बारा काप, तबक ३० च्या खाचेत. सागाला हात लावण्याआधी तिने पॅकिंगच्या पाइनच्या फळकुटातून सहा लहान तुकडे कापून फरशीवर मांडलेत आणि सहाव्या कोपऱ्यापाशी वाकून, एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात बत्ती धरून ती पाहते आहे.